‘वाद नको’ हा नियम आधी ग्रुपवरून काढा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होणाऱ्या भांडणांबद्दल तुमच्या वाचकांच्या पत्रांत सध्या बरंच येतंय, आणि मी वाचलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे, की ग्रुपवर फक्त नोटिसा टाका, पाणी कधी जाणार, लिफ्ट कधी बंद, मेंटेनन्स कधी भरायचा एवढंच, बाकी कुणी काही लिहायचंच नाही म्हणजे कटकट मिटली. मला हे अजिबात पटत नाही. कटकट मिटत नाही हो, ती पार्किंगमध्ये जाते, लिफ्टमध्ये जाते, चार जणांच्या दुसऱ्या छोट्या ग्रुपवर जाते, आणि ज्याच्याबद्दल चाललीये त्यालाच पत्ता नसतो. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण जमलं तर पूर्ण छापा ही विनंती.

मी सिंहगड रोडला राहते. आमच्या ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्येच लिहिलंय, ‘कृपया वाद घालू नये, पॉझिटिव्ह राहावे’. माझ्या बहिणीच्या कोथरूडच्या सोसायटीत हेच, मैत्रिणीच्या वाकडच्या सोसायटीत हेच, मुलांच्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर, ट्रेकच्या ग्रुपवर, शब्द थोडे इकडेतिकडे पण नियम हाच. वाचायला किती चांगला वाटतो. प्रत्यक्षात तो कुणाला लागू होतो तेवढं बघा. कमिटीचं म्हणणं असेल तर ती माहिती, आणि त्याला कुणी ‘मला हे पटत नाही’ म्हटलं की तो वाद.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. आमच्या भागात टँकर ही रोजच्या जगण्यातली गोष्ट आहे, उन्हाळ्यात तर सकाळची सुरुवातच टँकरच्या हॉर्नने होते. २०२४ च्या पावसाळ्यात बी विंगमधल्या एक ताई, त्या स्वतः एका लॅबमध्ये नोकरीला आहेत, त्यांनी ग्रुपवर लिहिलं. तो मेसेज माझ्या फोनमध्ये अजून आहे: ‘नमस्कार, टँकरचं पाणी कुठून भरलं जातं, त्याचा टेस्ट रिपोर्ट आपल्याकडे आहे का, टाकीत क्लोरीन कोण आणि किती टाकतं, आणि टाकी शेवटची कधी धुतली, एवढं कमिटीने सांगावं.’ बस्स एवढंच. एक वावगा शब्द नाही, कुणाचं नाव नाही. त्याच्याखाली पाच-दहा मिनिटांत खाली वळलेल्या अंगठ्यांची रांग लागली. मग एकाने लिहिलं, फुकट काम करणाऱ्यांना प्रश्न विचारणं सोपं असतं. दुसऱ्याने लिहिलं, ताई कमिटीत या मग कळेल. तिसरं सगळ्यात वाईट, की असलं ग्रुपवर लिहिलं की स्क्रीनशॉट ब्रोकरपर्यंत जातात आणि सगळ्यांच्याच फ्लॅटचे रेट पडतात, याची जबाबदारी तुम्ही घेणार का. ताईंनी परत सविस्तर लिहिलं, की पाणी खराब आहे असं मी म्हणतच नाहीये, मी रिपोर्ट मागतीये. त्यावर ‘ताई चिडू नका, जरा शांतपणे घ्या’. आणि संध्याकाळी त्यांना ग्रुपमधून काढलं होतं. कारण काही दिलं नाही. नुसती ती एक करडी ओळ, अमुक यांना काढले, आणि तिच्याखाली दुसऱ्या दिवशी सकाळी फुलांचा फोटो आणि सुप्रभात.

त्यानंतर जानेवारी २०२५ उजाडला. गुलेन बारे सिंड्रोम, जीबीएस, हे नाव तोपर्यंत आमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलंही नव्हतं आणि अचानक सिंहगड रोड, नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला हा सगळा पट्टा बातम्यांमध्ये आला. हातापायांतली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटर लागतो, पुण्यात आणि आसपास संशयित पेशंटचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला. पाण्यावर संशय आला, विहिरीचं पाणी तपासलं, खासगी टँकर आणि आरओ प्लांटचे नमुने तपासले, काही पेशंटच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू आणि नोरोव्हायरस सापडला. पाणी उकळून प्या असं डॉक्टर घसा फोडून सांगत होते. आणि आमच्या ग्रुपवर काय, तर चिकन खाऊ नका, पनीर खाऊ नका, अमुक काढा प्या असे फॉरवर्ड. त्याला कुणी विरोध करत नव्हतं, कारण विरोध करणाऱ्याचं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. दोन दिवसांनी मग एकेक जण विचारायला लागला, आपला टँकर कुठून येतो हो, आपली टाकी कधी धुतली, क्लोरीन टाकतात का. शब्दाला शब्द तेच प्रश्न. ते ज्यांना नीट समजत होते आणि ज्यांनी वेळेवर विचारले होते त्या बाई तेव्हा ग्रुपवर नव्हत्या.

देवाच्या दयेने आमच्या सोसायटीत कुणी आजारी पडलं नाही. आणि मी हे ‘बघा त्याच बरोबर होत्या’ असं दाखवायला सांगत नाहीये. पाणी अगदी शुद्ध निघालं असतं तरी प्रश्न योग्यच होता आणि त्यांना काढणं अयोग्यच होतं. विरोध करणारा नेहमी बरोबर असतो असं थोडंच आहे, आमच्याकडचे एक काका प्रत्येक गोष्टीला नाही म्हणतात, गच्चीवर सोलर बसवायलाही त्यांचा विरोध होता, आणि माझ्या मते तो विरोध चुकीचाच होता. पण त्यांनी लावून धरलं की स्लॅबला भोकं पाडली की वॉटरप्रूफिंगची गॅरंटी कोण देणार, म्हणून कॉन्ट्रॅक्टरकडून ते लेखी घेतलं गेलं. काका गप्प बसले असते तर ते कुणाच्या डोक्यातही आलं नसतं. सोलर आज गच्चीवर आहे, काकांचा विरोधही अजून आहे, आणि कुणाचं काही बिघडलेलं नाही.

मला वाटतं आपली मुख्य गल्लत इथे होते, की एखाद्याचं म्हणणं न पटणं आणि एखाद्याचं वागणं न आवडणं या दोन गोष्टी आपण एकाच भांड्यात शिजवतो. ताईंच्या मेसेजखालच्या त्या अंगठ्यांचा अर्थ काय होता? पाणी चांगलंच आहे असा होता, का हे ग्रुपवर विचारायला नको होतं असा, का भाषा आवडली नाही असा, का मुळात ताईच आवडत नाहीत असा? कुणालाच माहीत नाही, अंगठा दाखवणाऱ्यालाही कदाचित नसेल. व्हॉट्सअ‍ॅपवर या रिअ‍ॅक्शन २०२२ मध्ये आल्या, त्याच्या आधी निदान नापसंती सांगायला चार शब्द टाइप करावे लागायचे आणि टाइप करताना माणूस थोडा तरी विचार करायचा. पोलचंही तसंच. आमच्याकडे कशावरही पोल टाकतात आणि निकाल लागला की विषय संपला, पण अमुक जण नाही म्हणाले एवढं दिसतं, का नाही म्हणाले ते कुठेच दिसत नाही, आणि पुढच्या वर्षी त्याच कारणाने सगळं अडकतं.

माझा भाचा हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याच्याशी या विषयावर बराच वेळ बोलले. त्याच्या क्षेत्रात हजारो अनोळखी माणसं रोज एकमेकांच्या चुका काढतात आणि तरी काम चालतं, त्यामागे बराच विचार आहे हे मला त्याच्याकडून कळलं. स्टॅक ओव्हरफ्लो नावाची प्रोग्रामर लोकांची प्रश्नोत्तरांची साइट आहे, तिथे एखाद्याच्या उत्तराला तुम्ही खाली मत दिलंत तर त्याचे दोन पॉइंट जातात, पण तुमचाही एक जातो. म्हणजे नापसंती दाखवायला स्वतःच्या खिशातून काहीतरी द्यावं लागतं, मग माणूस उगाच देत नाही. रेडिट ही चर्चांची साइट, तिच्या शिष्टाचारात लिहिलंय की केवळ मत पटत नाही म्हणून खाली मत देऊ नका, चर्चेत भर घालत नसेल तरच द्या. तिथे हे सगळे पाळतात असं नाही, भाचाच म्हणाला की सर्रास मोडतात, पण निदान काय बरोबर ते लिहून तरी ठेवलंय. यूट्यूबने तर नोव्हेंबर २०२१ पासून डिसलाइकचा आकडाच लोकांना दाखवणं बंद केलं, कारण ठरवून, टोळीने डिसलाइक मारून लहान चॅनेलवाल्यांना हैराण करायचे प्रकार चालले होते. बटण ठेवलं, आकडा लपवला. म्हणजे एवढ्या मोठ्या कंपन्यांनाही हे कळलंय की आकडा बघून माणसं आणखी आकडा वाढवतात.

मला स्वतःला सगळ्यात आवडली ती विकिपीडियाची पद्धत. तिथे प्रत्येक लेखाला एक चर्चापान जोडलेलं असतं, मराठी विकिपीडियावरही आहे, आणि सगळ्यांसाठीच्या चर्चेच्या पानाला तिथे ‘चावडी’ असं छान नाव आहे. लेखात काय असावं यावरून मतभेद झाला की तो चर्चापानावर मांडायचा, आणि नियम असा की मजकुराबद्दल बोला, लिहिणाऱ्याबद्दल नको. इंग्रजी विकिपीडियावर तर एकमेकांचं लिखाण चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा पुसत बसलात तर तुम्हाला ब्लॉक करतात, मग तुमचं म्हणणं बरोबर का असेना. आणि जुनी चर्चा फेकून देत नाहीत, ती तिथेच राहते, वर्षांनी येणाऱ्या माणसाला कळतं की हा प्रश्न आधी निघाला होता, कोण काय म्हणालं होतं.

आता कुणी म्हणेल की कुठे विकिपीडिया आणि कुठे आमची ऐंशी फ्लॅटची सोसायटी. पण सहकारी सोसायटीत ही सोय आधीपासून आहे की! वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव मांडला जातो, कुणी उभा राहून म्हणतो ‘माझा विरोध इतिवृत्तात नोंदवा’, सेक्रेटरी नाव लिहून घेतो, कारण लिहून घेतो आणि सभा पुढे सरकते. त्या माणसाला कुणी हॉलबाहेर काढत नाही. सभेनंतर तोच माणूस शेजारी बसून बटाटेवडा खातो. आपल्या वडिलांच्या पिढीने हे सहज केलं. मग तीच माणसं, तोच विषय, फक्त हॉलऐवजी फोन आला तर असं काय होतं की विरोध हा गुन्हा वाटायला लागतो? मला वाटतं एक कारण हेच, की ग्रुपवर विरोध नोंदवायची जागाच नाहीये. आहे ते सगळं एकाच नळातून वाहतं, वाढदिवस, पार्सल, श्रद्धांजली, टँकर, आणि त्यात कुणाचा विरोध आला की तो सणाच्या दिवशी रडणाऱ्या पोरासारखा सगळ्यांना नकोसा वाटतो.

अ‍ॅडमिन मंडळी म्हणतात की उद्या काही झालं तर केस आमच्यावर होईल, म्हणून आम्ही कडक असतो. ही भीती खरी आहे, खोटी म्हणणार नाही, पण कायदा नेमकं काय म्हणतो तेही समजून घेतलं पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलंय की ग्रुपवर दुसऱ्या कुणी आक्षेपार्ह लिहिलं तर केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही, त्याचा त्यात समान हेतू किंवा संगनमत असेल तर गोष्ट वेगळी. आणि त्याच्याही आधी, नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, त्यातल्या एकीने तर पोस्ट लिहिलीही नव्हती, फक्त लाइक केली होती, आठवत असेल अनेकांना. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ हे कलम तेव्हा लावलं होतं आणि मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केलं. त्या निकालात न्यायालयाने चर्चा करणं, एखादी बाजू हिरिरीने मांडणं आणि चिथावणी देणं हे तीन वेगळे केले, आणि पहिल्या दोन गोष्टी कुणाला कितीही नावडत्या असल्या तरी अडवायच्या नाहीत, चिथावणीपर्यंत गोष्ट गेली तरच बंधन, असं म्हटलं. देशाचं सर्वोच्च न्यायालय नागरिकाला जेवढी मोकळीक देतं तेवढी सोसायटीच्या ग्रुपने टँकरबद्दल विचारणाऱ्या बाईला द्यायला काय हरकत आहे?

याचा अर्थ काहीही खपवून घ्या असा नाही हां. शिवीगाळ, जात, धर्म, बाईमाणसाच्या कपड्यांवरून-येण्याजाण्याच्या वेळांवरून बोलणं, कुणाच्या मुलांना मध्ये ओढणं, ‘तुम्ही भाडेकरू, तुम्हाला काय कळतं’ हे, ते थांबवलंच पाहिजे आणि ताबडतोब. पण थांबवायचं म्हणजे तो मेसेज काढा, अ‍ॅडमिनला तसं करता येतं आता, त्या माणसाला वेगळा फोन करून सांगा की हे शब्द चालणार नाहीत, मुद्दा चांगल्या शब्दांत परत टाका. मुद्दा परत टाकायची संधी मिळाली पाहिजे, हे माझ्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे. आमच्याकडे बरोब्बर उलटं होतं, कुचकट बोलणारे चार जण वर्षानुवर्षं ग्रुपवर आहेत कारण ते बहुमताच्या बाजूने कुचकट बोलतात, आणि सभ्य शब्दांत वेगळं म्हणणं मांडणारी बाई बाहेर.

आपल्या पुण्याला हे नवीन नाही. १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली, त्यात न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते, आणि गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्रात छापून आणली. त्यावरून केवढं मोठं ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचं प्रकरण झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि रानड्यांसारख्या माणसाला प्रायश्चित्त घ्यावं लागलं. यादी छापून आणणं आणि आज स्क्रीनशॉट फिरवणं यात मला तरी फरक दिसत नाही. पण त्याच काळात, त्याच गावात दुसरीही रीत होती. आगरकरांचं आणि टिळकांचं सामाजिक सुधारणांवरून पटेना, आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’चं संपादकपद सोडलं, १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला आणि दोघांनी कडाडून एकमेकांच्या विरोधात लिहिलं. भाषा काही मऊ नव्हती, कडवटपणाही खूप होता. पण का पटत नाही ते कारणांसकट छापलेलं आहे, आज सव्वाशे वर्षांनंतरही कुणालाही दोन्ही बाजू वाचून आपलं मत बनवता येतं. आणि ज्यांना कारणं द्यायची नव्हती त्यांनी आगरकरांची ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढली. त्या प्रेतयात्रेतून कुणाला काय शिकायला मिळालं? आपल्या राज्यात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे, २०१७ पासून तो लागू आहे. ग्रुपमधून काढणं म्हणजे त्या कायद्याखालचा बहिष्कार, असं मी म्हणत नाही, उगाच मोठे शब्द वापरायचे नाहीत. पण ज्या ग्रुपवर पाणी कधी येणार हे कळतं, गेटचा पासकोड कळतो, डॉक्टरचा नंबर कळतो, त्यातून एखाद्या घराला मतभेदासाठी बाहेर ठेवणं हे माणुसकीला धरून नाही एवढं नक्की.

आता सगळ्यात मनाला लागणारी गोष्ट. ताईंना काढल्यावर मी त्यांच्याकडे गेले होते. त्यांनी फोन समोर धरला आणि दाखवला. ग्रुपवर एकही माणूस त्यांच्या बाजूने बोलला नव्हता, पण पर्सनलवर मेसेजच मेसेज. ताई तुमचं अगदी बरोबर आहे. ताई आम्हालाही हेच विचारायचं होतं. ताई मी ग्रुपवर नाही लिहू शकत, मिस्टर कमिटीत आहेत, समजून घ्या. ताई ग्रेट. त्या मला म्हणाल्या, ‘यातल्या चौघांनी जरी ग्रुपवर एक ओळ लिहिली असती ना, तर मला एवढं एकटं वाटलं नसतं, आणि कदाचित रिपोर्टही मिळाला असता.’ अंगठ्यांचं त्यांना फार काही वाटलं नव्हतं, पर्सनलवरच्या त्या पाठिंब्याचं जास्त वाईट वाटलं होतं. हे मला इतकं खरं वाटतं. वरवर बघणाऱ्याला वाटतं की सगळी सोसायटी एका बाजूला आणि ही एकटी बाई एका बाजूला. प्रत्यक्षात विरोध करणारे मोजके असतात, पाठिंबा देणारेही बरेच असतात, आणि राहिलेल्यांचं अजून काही ठरलेलं नसतं, ते वाचत असतात. त्या वाचणाऱ्यांसाठी कुणीतरी उघड लिहायला हवं. फार नाही, ‘प्रश्न रास्त आहे, रिपोर्ट बघायला मलाही आवडेल’ एवढी ओळ. तुम्ही पूर्ण सहमत नसलात तरी चालेल, ‘मला पाण्याची शंका नाही पण विचारायचा हक्क आहे’ हेही लिहिता येतं. पर्सनलवर दहा बदाम पाठवण्यापेक्षा ही एक ओळ त्या माणसाला जास्त उपयोगाची आहे.

ज्यांच्यावर अशी वेळ येते त्यांच्यासाठीही थोडं लिहिते, कारण हे सहन करणं सोपं नाही, झोप उडते, सकाळी गेटवर वॉचमनसुद्धा वेगळं बघतोय असं वाटतं. अंगठे मोजत बसू नका. ज्याने कारण दिलंय त्यालाच उत्तर द्या, आणि त्याच्या म्हणण्यातलं जे पटलं ते आधी सांगा, आपल्या जुन्या शास्त्रार्थात पूर्वपक्ष म्हणजे समोरच्याची बाजू आधी नीट मांडल्याशिवाय आपलं बोलायची सोय नव्हती, ते किती शहाणपणाचं होतं हे ग्रुपवर कळतं. ज्याने नुसता टोमणा मारलाय त्याला उत्तर देऊ नका. ‘नेमकं काय पटलं नाही?’ एवढं एकदा विचारा, खूपदा समोरून येतं की मुद्दा ठीक आहे पण तुम्ही कमिटीला आधी फोन करायला हवा होता, मग निदान कळतं की तक्रार पद्धतीबद्दल आहे, पाण्याबद्दल नाही. रात्री अकरानंतर काही लिहायचं नाही, सकाळपर्यंत थांबायचं. आणि जमलं तर खाली उतरून भेटायचं. समोरासमोर माणूस इतका कडक नसतो, आवाज ऐकू येतो, चेहरा दिसतो, मध्येच कुणाचं तरी पोर येऊन सायकलची चेन बसवून मागतं. आमच्या सोलरवाल्या काकांशी ग्रुपवर कुणाचं पटत नाही पण कट्ट्यावर सगळ्यांचं पटतं.

शेवटी प्रत्यक्षात काय करता येईल ते. एप्रिल ते सप्टेंबर हा सोसायट्यांच्या वार्षिक सभांचा काळ, ३० सप्टेंबरच्या आत सभा घ्यावी लागते आणि चौदा दिवस आधी नोटीस लागते, तेव्हा वेळ आहे. यंदाच्या विषयपत्रिकेवर ग्रुपच्या नियमांचा विषय घ्या. नोटिसांचा ग्रुप वेगळा ठेवा, तिथे फक्त अ‍ॅडमिन लिहितील, ती सेटिंग २०१८ पासून आहे, त्यातून कुणालाही कधीही काढायचं नाही, भाडेकरू असला तरी. चर्चेचा ग्रुप वेगळा, ज्याला नको तो येणार नाही. आणि चर्चेच्या ग्रुपवर एखाद्या निर्णयाला कुणी कारण देऊन विरोध केला तर सेक्रेटरीने तो वहीत उतरवून कमिटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये वाचायचा आणि काय ठरलं ते ग्रुपवर कळवायचं. एखाद्याला काढायची वेळ आलीच तर ते एकट्या अ‍ॅडमिनने करायचं नाही, कमिटीने कारण लिहून करायचं आणि परत कधी घेणार तेही लिहायचं. यात खर्च एका वहीचा आहे. जिल्ह्यातल्या गृहनिर्माण संस्थांच्या फेडरेशनने असा एक पानाचा नमुना करून सगळ्या सोसायट्यांना पाठवला तर फार बरं होईल, लहान सोसायट्यांना स्वतःहून हे सुचत नाही.

बी विंगच्या ताई अजून ग्रुपवर नाहीत. टँकरच्या पाण्याचा रिपोर्ट आता दर तीन महिन्यांनी येतो आणि नोटीस बोर्डवर लागतो, तेव्हा त्यांना परत घ्यावं असं पत्र मी कमिटीला दिलंय, तीन शेजाऱ्यांनी त्यावर सह्या केल्यात, आणखी सह्या हव्यात. आणि तुम्हाला एक विनंती, माझ्या या पत्राला विरोध करणारी पत्रं आली, विशेषतः एखाद्या अ‍ॅडमिनचं आलं, तर ते नक्की छापा. दिवसभर नोकरी करून रात्री दीडशे मेसेज आवरणाऱ्या माणसाची बाजू मला खरंच वाचायची आहे.

कळावे,
आपली नियमित वाचक,
सिंहगड रस्ता, पुणे